साडेअठरा इंच

नोव्हेंबरात आमच्याकडचे पुरुष हरणांच्या मागे डोंगरावर गेले की नदी बायकांची होते. हे कुणी कागदावर लिहून ठेवलेलं नाही, पण माझ्या सासूच्या आधीपासून असंच चालत आलंय. अकरा दिवस ते झाडावरच्या मचाणांत गारठत बसतात, आणि आम्ही छातीपर्यंतच्या रबरी विजारी चढवून स्पाइस फोर्कच्या पाण्यात उतरतो. डोक्याला नारिंगी टोपी मात्र घालायचीच. वर बंदूक घेऊन बसलेल्यांत अर्धे आपलेच चुलतभाऊ असले तरी उरलेले अर्धे शहरातून आलेले असतात, आणि त्यांना हरीण कुठलं नि म्हातारी कुठली हे कळेलच याची खात्री देता येत नाही.

त्या अकरा दिवसांत जिला सगळ्यांत लांब स्मॉलमाउथ मासा मिळेल, तिच्या घरी थँक्सगिव्हिंगचं जेवण. लहानथोर मिळून तेवीस माणसं, तिच्या टेबलाला, तिच्या हातचं, तिच्या हुकमाखाली. सलग नऊ वर्षं ते टेबल माझं होतं. ओझार्कच्या या खोऱ्यात माझ्यासारखा टर्की कुणी भाजत नाही, हे मी स्वतः सांगायची गरज नाही. पण विचारलंत तर सांगेन.

माझी नणंद डेल्फा खालच्या अंगाला, पुलाजवळ राहते. माझ्याहून चार वर्षांनी लहान, आणि आयुष्यभर त्याचा राग माझ्यावर काढते. तीन वर्षांपूर्वी वादळात त्यांचं अक्रोडाचं मोठं झाड पडलं, तर तिनं त्याचं एक लांबलचक टेबल करून घेतलं. चोवीस माणसं सहज बसतील असं. त्याच्या एका टोकाला डेल्फा आणि दुसऱ्या टोकाला तिचा नवरा हॉलिस सकाळी दूध-लाह्या खातात. मधल्या जागेत कुंड्या ठेवल्यात. मी गेले की त्या कुंड्यांकडे बघून म्हणायची, "छान बसलीत हो सगळी मंडळी." डेल्फा ओठ आवळायची.

यंदा हंगामाच्या पहिल्याच बुधवारी तिचा फोन आला.

"वहिनी, बसलीयेस ना?"

"मी कशाला बसू? कोण मेलं की काय?"

"साडेअठरा," ती म्हणाली. "साडेअठरा इंच. पाद्र्याची बायको आणि माझी नात, दोघी साक्षीला होत्या."

"पाद्र्याच्या बायकोला चष्मा लागलाय का अजून?"

"वहिनी, तू टर्की फ्रीजरमधून बाहेर काढू नकोस हं. उगाच वाया जाईल." आणि खुदकन हसून तिनं फोन ठेवला.

त्या दिवसापासून मी रोज पाण्यात. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. रविवारी चर्चहून आल्यावर. सोळा इंची मिळाले, एक सतरा. साडेअठराच्या जवळ जाईल असा एकही नाही. माझा नवरा व्हर्लिन संध्याकाळी डोंगरावरून यायचा, माझ्या तोंडाकडे बघायचा आणि काही न विचारता स्वतःचं सूप स्वतः गरम करून घ्यायचा. बेचाळीस वर्षांत एवढं तरी शिकलाय.

असं करता करता मंगळवार उजाडला. शेवटचा दिवस. सूर्य कड्याआड गेला की नदी पुन्हा सगळ्यांची, आणि गुरुवारी जेवण. माझ्या घरी टर्की बाहेर काढून ठेवली होती. डेल्फाच्या घरीही काढली असणार. दोघींपैकी एकीची तेवीस माणसांची टर्की दोन माणसांना खावी लागणार होती.

त्या दिवशी साक्षीला रेनाला बरोबर घेतलं. रेना म्हणजे माझ्या लेकाची, ड्वाइटची बायको. दुसरी. पहिलीबद्दल मी बोलत नाही. ही चाळिशीला टेकलेली, शहरात दातांच्या दवाखान्यात काम करायची. लोकांच्या तोंडात हात घालायची सवय असल्यामुळे असेल, पण बोलते कमी आणि बघते जास्त. व्हर्लिननं तिला याच हंगामात काठी करून दिली होती. आमच्या घरातल्या प्रत्येक सुनेला नि लेकीला ती मिळते. हिकरीच्या लाकडाची, छातीएवढी उंच. वाहत्या पाण्यात पाय रोवायला लागते तीच. खालच्या टोकापासून मोजून बारा इंचांपासून बावीसपर्यंत प्रत्येक इंचावर तापल्या सळईनं डाग दिलेला असतो. मासा पाण्याबाहेर काढायचा नाही, पाण्यातच काठीला लावून मोजायचा आणि सोडून द्यायचा, हा सासूचा नियम. थंडीत नदीतले सगळे मोठे मासे एकदोन खोल डोहांत गोळा होतात. तिथं कुणी हावरट माणूस टोपली घेऊन बसला तर आठवड्यात नदी रिकामी होईल. म्हणून आम्ही खात नाही. मोजतो, आणि एकमेकींना जळवतो.

"आई, एवढ्या उशिरा का निघायचं?" रेनानं विचारलं. साडेदहा वाजले होते.

"कारण माशांना तुझ्या दवाखान्याची वेळ माहीत नाही. ऊन दगडांवर पडू दे, पाणी जरा कोमट वाटू दे त्यांना. आत्ता ते पांघरुणात आहेत."

नदी फार सुंदर होती त्या दिवशी. पाणी उतरलेलं, इतकं नितळ की कमरेएवढ्या पाण्यात माझ्या बुटाची नाडी दिसत होती. सायकमोरची पानं बशीएवढाली, पिवळी, एकेक करून खाली यायची आणि पाण्यावर होडीसारखी चालू लागायची. डोंगरावर लांब कुठंतरी बार व्हायचा. उन्हाळ्यात जिथं मासे नाचतात त्या खळाळांत आता चिटपाखरू नव्हतं. आम्ही ते सगळे ओलांडत वर वर गेलो, शेवाळी कड्याखालच्या डोहापर्यंत.

"पाय उचलू नकोस," मी म्हटलं. "घासत टाक. आधी काठी, मग पाय. आणि सूर्याला पाठ देऊ नकोस, तुझी सावली डोहात पडेल. एवढी मोठी सावली बघून मासे आर्कान्सापर्यंत पळतील."

"सावली माझी मोठी, का तुमची?"

मी वळून बघितलं. चेहरा साळसूद. मनात म्हटलं, ही टिकेल.

माझा गळ मी स्वतः बांधते. शिशाची गोळी असलेला आकडा, आणि त्याला खारीच्या शेपटीचे केस. बाजारात डोळे लावलेले रबरी खेकडे मिळतात, ते डेल्फा वापरते. केसांचं कसं असतं, पाण्यात ते श्वास घेतल्यासारखे हलतात, आपण काही न करता. अशा थंडीत काही न करणं हेच सगळ्यांत मोठं काम. वरच्या बाजूला टाकायचा, तळाला जाऊ द्यायचा, आणि मग प्रवाह त्याला आणेल तसा आणू द्यायचा. मासा आता उन्हाळ्यासारखा हिसका मारत नाही. दोरी नुसती जड होते. ओलं पान अडकल्यासारखी. आणि दहातल्या नऊ वेळा ते पानच असतं.

"पान," मी म्हणायची, आणि काढून टाकायची.

"पान," रेना थोड्या वेळानं तिकडून म्हणायची.

दोन तास असेच गेले. आम्ही एका दगडावर बसून थंड मक्याचा पाव आणि सफरचंद खाल्लं. मला घाई वाटत होती, आणि ती घाई मी चेहऱ्यावर येऊ देत नव्हते. खरं सांगायचं तर मला टेबलाची एवढी हौस नव्हती. पण डेल्फा तिच्या टेबलाच्या टोकाला उभी राहून "वहिनी, तू इथं बस हं" असं म्हणेल, ते चित्र डोळ्यांपुढं येत होतं.

दोनच्या सुमारास मी कड्याच्या अगदी मुळाशी गळ टाकला. दोरी जड झाली. मी "पान" म्हणायला तोंड उघडलं, आणि पान बाजूला चालू लागलं.

गळाची काठी अशी वाकली की माझ्या मनगटातलं जुनं दुखणं जागं झालं. तो तळाला गेला, मग दगडाखाली जायला बघत होता, मग एकदम वर आला आणि पूर्ण पाण्याबाहेर उडाला. तांबूस, अंगावर काळे पट्टे, लालबुंद डोळा. उडताना त्यानं माझ्याकडे बघितलं अशी माझी खात्री आहे. रेना ओरडली, "आई, सोडू नका!"

"मी काय पहिल्यांदा धरतेय?" मी ओरडले.

पाच मिनिटांनी तो उथळ पाण्यात माझ्या पायाशी होता. मी गुडघ्यावर बसले, अंगठा त्याच्या खालच्या ओठात घातला. काठीचं टोक एका दगडाला टेकवलं, माशाचं तोंड त्याच दगडाला. शेपूट सरळ केली. एकोणिसाच्या डागाला शेपटीचं टोक अगदी लागलं होतं.

"एकोणीस!" मी म्हटलं. "बघ, रेना, नीट बघ. साक्ष तुझी आहे. एकोणीस!"

"खरंच," ती वाकून म्हणाली. "थांबा, मलाही माझ्या काठीनं मोजू द्या. शिकायचंय ना."

तिनं तिची नवी काठी माशाच्या दुसऱ्या बाजूनं लावली. टोक त्याच दगडाला. शेपटीचं टोक अठराच्या डागापाशी थांबलं.

तिनं मान वर केली. माझ्याकडे बघत राहिली.

"नीट लाव," मी म्हटलं.

तिनं पुन्हा लावली. अठरा.

"म्हाताऱ्याचा चष्मा बदलायला हवा," मी म्हटलं. "नव्या काठीवर डाग चुकवले त्यानं."

मासा दमला होता, त्याला किती वेळ धरणार. मी अंगठा काढला. तो क्षणभर माझ्या हाताशी तसाच कल्ले हलवत राहिला, मग शेपटीचा एक फटका मारून माझ्या तोंडावर पाणी उडवून गेला.

रेनानं दोन्ही काठ्या गोट्यांवर शेजारी शेजारी ठेवल्या.  तिनं एकोणिसाचा डाग एकोणिसाला जुळवला. मग बघितलं तर सगळेच डाग जुळत होते. अठरा अठराला, पंधरा पंधराला, बारा बाराला. म्हाताऱ्याचं काही चुकलं नव्हतं. फक्त खाली, टोकाशी, तिची काठी माझ्या काठीच्या पुढं एक बोट निघाली होती. तिचं टोक कापल्यासारखं चौकोनी. माझं गोल, गुळगुळीत, जुन्या उखळातल्या मुसळासारखं.

बेचाळीस वर्षं मी त्या काठीनं या नदीचे दगड ठोकत चालले होते. नदीनं तिचा एक इंच खाऊन टाकला होता, आणि तो मी प्रत्येक माशाच्या लांबीत घालत आले होते.

मी गोट्यांवर बसले. डोळ्यांपुढून नऊ वर्षं गेली. पुराच्या वर्षी मी दोन इंचांनी जिंकले होते, ते खरंच. त्याच्या आदल्या वर्षी डेल्फाला ताप होता. पण अर्ध्या इंचानं किती वेळा? एकदा पाव इंचानं, आणि तेव्हा मी तिच्या दारासमोर पिकअपचा भोंगा वाजवत गेले होते. मी बोटांवर मोजलं. चार. कमीत कमी चार.

"मी काय सांगू, आई?" रेनानं हळूच विचारलं. "विचारतीलच मला."

खरं म्हणजे ती विचारत होती, तुम्ही काय सांगणार आहात. तिच्या डोळ्यांत मला दिसलं की मी एकोणीस म्हणाले तर तीही एकोणीस म्हणेल. सासू आहे मी तिची. आणि तेच मला सहन झालं नाही. माझ्यासाठी कुणी खोटं बोलावं एवढी मी अजून म्हातारी झालेली नाही.

"जे दिसलं ते," मी म्हटलं. "ऊठ. कड्यावर अजून हातभर ऊन आहे. आणि ती तुझी काठी दे इकडे."

पुढचा दीड तास मी आयुष्यात कधी नव्हती अशी मासेमारी केली. डोहाचं वरचं तोंड, खालचं तोंड, पडलेल्या झाडाची सावली, सगळीकडे. रेनाही करत होती. तिला एक सोळा इंची मिळाला, तिच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा, आणि ती लहान मुलीसारखी हसली. मला आणखी एक मिळाला. मनापासून भांडला तो. नव्या काठीवर पावणेसतरा.

"अजून दोन इंच वाढला असता तर काय बिघडलं असतं त्याचं," मी म्हटलं.

"पुढच्या वर्षी वाढेल."

"हे मासे वर्षाला अर्धा इंच वाढतात, बाई. तोवर मी सत्त्याहत्तर वर्षांची होईन."

"मग तेव्हा गळ हलका बांधा, हाताला झेपेल असा."

सूर्य कड्याआड गेला. पाण्यावरची पिवळी चकाकी कुणी चादर ओढून घ्यावी तशी गेली, आणि थंडी लगेच विजारीतून आत आली. गंमत अशी की मला वाईट वाटत नव्हतं. हात गारठलेले, कंबर मोडलेली, आणि छातीत एक हलकेपणा. पोटात होती ती घाई कुठंतरी डोहातच पडून राहिली होती.

"आता घरी?" रेनानं विचारलं.

"आता डेल्फाकडे. उद्या सकाळी माझं मन बदललं तर?"

आम्ही ओल्या विजारींसकट तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिलो. फरशीवर पाण्याचं तळं. डेल्फा कांदे चिरत होती. टर्की मीठ-पाण्यात बुडवलेली होती. बयेला पूर्ण खात्री होती म्हणजे.

"काय मिळालं?" तिनं सुरी खाली न ठेवता विचारलं.

"अठरा," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं, मग रेनाकडे. "अठराच?"

"अठरा," रेना म्हणाली. "मी माझ्या काठीनं मोजला."

"आणि वहिनीच्या काठीनं?"

डेल्फा माझ्या नवऱ्याची बहीण आहे. हे खानदान खोटं वासावरून ओळखतं. मी माझी काठी तिच्यापुढं ओट्यावर आडवी टाकली, चिरलेल्या कांद्यांवरच.

"झिजलीय," मी म्हटलं. "खालून. एक इंच. आता तोंड उघडायचं असेल तर एकदाच उघड."

तिनं टोक हातात घेतलं. अंगठा फिरवला. दाराच्या मागून स्वतःची काठी आणली आणि शेजारी धरली. मग खुर्चीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तेवढं सगळं कांद्याचं नसणार.

"नऊ वर्षं!" ती म्हणाली. "नऊ वर्षं मी तुझ्या घरी बटाटे कुस्करले! सूपाचा डाव कुठला घ्यायचा ते सुद्धा तू सांगायचीस!"

"नऊ नाही. चार."

"पाच!"

"पुराचं वर्ष धरू नकोस, ते माझं आहे."

"बरं, चार. त्या चार वर्षांचं काय करायचं?"

"त्या टर्क्या पचल्या सगळ्यांना. आता काय करणार?" मग मी तिच्या काठीचं टोक धरलं. "आणि ही बघ जरा. चाळीस वर्षं झाली, पण टोक असं कोरं जसं दुकानातून आत्ता आणलंय. मला सांग, तू नदीत उतरतेस तरी का, का पुलावर खुर्ची टाकून बसतेस?"

आतल्या खोलीतून हॉलिसचा आवाज आला, "खुर्ची टाकून बसते!"

"तू गप रे!" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

बुधवारी मी माझी टर्की पिकअपमध्ये घालून तिच्याकडे नेली. तेवीस माणसांना दोन टर्क्या जास्त होतात, पण मी रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जात नाही. आणि लोकांना फरक कळायला हवा.

गुरुवारी अक्रोडाच्या टेबलावरच्या सगळ्या कुंड्या पडवीत गेल्या होत्या. टेबल बघून मुलं त्यावरून हात फिरवायला लागली. घरातल्या कुणी ते कधी मोकळं बघितलंच नव्हतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच लाकूड, मधून काळी शीर गेलेली. पुरुषांनी हात धुऊन आणले होते, ड्वाइटनं तर भांगही पाडला होता. मी अंग चोरून कोपऱ्यातली जागा धरली, म्हणजे तिला मला बसवता येऊ नये.

डेल्फा टोकाला उभी राहिली. मानेवर घाम, हातात चिमटा, एप्रनला ग्रेव्हीचे डाग. तिनं प्रार्थना सुरू केली आणि अर्ध्यातच विसरली. सगळे डोळे मिटून थांबले. मी खाली मान घालून पुढचे शब्द पुटपुटले, ती त्यावरून पुढं गेली, आणि आमेन झालं.

मग भांडी फिरू लागली. ग्रेव्ही जरा पातळ होती. टर्कीत भरलेल्या पावात सेजचा पाला कमी होता. मी ते मनात ठेवलं, आणि ज्यांना माझी ओळख आहे त्यांना कळेल की हे केवढं मोठं काम होतं. शेजारी बसलेल्या रेनानं माझ्या ताटाकडे बघून विचारलं, "काही हवंय का, आई?" माझ्या लक्षात आलं की हे मला नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मीच उभी असायची.

आतून काहीतरी खळकन पडल्याचा आवाज आला. सवयीनं माझे हात टेबलावर आले, मी उठायला लागले.

"वहिनी!" डेल्फा स्वयंपाकघरातून ओरडली. "बस खाली! मी बघतेय!"

मी बसले. रेनानं गरम पाव माझ्याकडे सरकवला. मी त्याला लोणी लावलं, चांगलं जाड, आणि तो गरम असतानाच खाल्ला.